गाठ आहे तिथेच आहे, आणि आम्हाला तेच हवं होतं

आत्याच्या डोक्यातल्या गाठीवर सायबरनाइफ नावाच्या रोबोटच्या मशीननं रेडिएशनची ट्रीटमेंट झाल्यापासून नातेवाईकांचा एकच प्रश्न असतो, गेली का गाठ? आणि आत्या अगदी शांतपणे सांगते, नाही, आहे तिथेच आहे. मग समोरच्याचा चेहरा पडतो, विषय बदलतो, आणि संध्याकाळी मला फोन येतो की अगं एवढे लाख घातलेत, रोबोटनं केलं म्हणता, मग गाठ गेली कशी नाही, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा की. फोनवर एकेकाला समजावताना काहीतरी राहूनच जातं म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. पोस्ट लांबणार आहे. पण ज्यांच्या घरात आत्ताच असा रिपोर्ट आलाय त्यांना ही लांबी जड वाटणार नाही.

आत्या मिरजेला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली. गेली काही वर्षं ती फोन कायम उजव्याच कानाला लावायची, डाव्या हातात असला तरी हात बदलून. डाव्या कानात दिवसरात्र कुईं असा आवाज येतो हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं, वय झालं की होतंच असं म्हणून गप्प. मग तोल जायला लागला, अंधारात जास्तच, तेव्हा कुठे कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी केली. डाव्या कानाचं ऐकणं कमी झालेलं होतंच पण आवाज ऐकू येऊनही शब्द कळत नाहीत ही गडबड त्याहून मोठी होती, ते बघून त्यांनी कानात तेल घाला, गोळ्या घ्या असलं काही न सांगता थेट कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) घालून एमआरआय करायला लावला. मला विचाराल तर पुढच्या सगळ्या महागड्या मशीनपेक्षा हा निर्णय मोठा होता. दोन्ही कान सारखेच मंद होत असतील तर वय म्हणता येतं, पण एकाच कानाचं ऐकणं कमी होतंय, त्याच कानात आवाज येतोय, तर टाळू नका प्लीज, एमआरआयबद्दल विचारा.

रिपोर्टमध्ये लिहून आलं व्हेस्टिब्युलर श्वानोमा. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजूनही अकूस्टिक न्यूरोमा असतं, दोन्ही एकच. मेंदूकडून कानाकडे जी आठवी नस जाते, ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची, तिच्यावरच्या आवरणाच्या पेशींची ही गाठ. कॅन्सर नाही, शरीरात दुसरीकडे पसरत नाही, आणि वाढते ती बहुतेक वेळा खूप हळू, वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर, काहींची तर वर्षानुवर्षं वाढतच नाही. मग भीती कसली? तर जागेची. त्या नसेला अगदी चिकटून सातवी नस जाते, चेहऱ्याची. तिला धक्का लागला तर डोळा नीट मिटत नाही, तोंड वाकडं होतं. आणि गाठ वाढत आत गेली की पुढे ब्रेनस्टेम, म्हणजे श्वास, हृदयाचे ठोके सगळं जिथून चालतं ती जागा. तिथे दाबायला लागली तर मग कॅन्सर नाही या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

अशा गाठीपुढे रस्ते तीन असतात. एक म्हणजे काही न करता ठरावीक काळानं एमआरआय करत लक्ष ठेवायचं. दुसरा, कवटी उघडून ऑपरेशन. तिसरा रेडिओसर्जरी, म्हणजे बाहेरून अतिशय नेमक्या रेडिएशनचा मारा. आत्याची गाठ पहिल्या एमआरआयमध्ये दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर होती, न्यूरोसर्जननी घाई केली नाही, लक्ष ठेवू म्हणाले. पुढच्या एमआरआयमध्ये मात्र ती स्पष्ट वाढलेली दिसली आणि तेव्हा तिसऱ्या रस्त्याची गोष्ट निघाली.

या तीन रस्त्यांबद्दल एक नॉर्वेचा अभ्यास मला वाचायला मिळाला, २०२३ साली आलेला, आणि तो मला फार प्रामाणिक वाटला. छोटी गाठ नुकतीच सापडलेले १०० पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले, अर्ध्यांना लगेच रेडिओसर्जरी आणि अर्ध्यांवर फक्त लक्ष. चार वर्षांनी बघितलं तर पहिल्या गटातल्या गाठी सरासरीनं मूळ आकाराच्या ०.८७ पट झाल्या होत्या, आणि दुसऱ्या गटातल्या १.५१ पट, म्हणजे दीडपट. त्या दुसऱ्या गटातल्या साधारण ४० टक्के लोकांना मधल्या काळात गाठ वाढली म्हणून शेवटी रेडिओसर्जरी करावीच लागली. पण दुसरी बाजू पण त्याच अभ्यासात आहे, ऐकू येणं, चक्कर, रोजचं जगणं या बाबतीत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे रेडिओसर्जरी गाठ थांबवते हे खरं, गेलेला कान परत देत नाही हेही तितकंच खरं. आणि ते ०.८७ परत एकदा वाचा. चार वर्षांनंतर ०.८७. शून्य नाही. नातेवाईकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका आकड्यात आहे.

आता ही पद्धत आली कुठून ते सांगते, कारण रोबोट म्हटलं की लोकांना काल-परवाचं काहीतरी नवीन वाटतं आणि तिथेच भीती बसते. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला लार्स लेक्सेल नावाचे न्यूरोसर्जन होते. त्या काळी मेंदूचं ऑपरेशन म्हणजे किती माणसं टेबलावरून परत येतील याची खात्री नसायची. कवटी न उघडता आत खोलवर पोचायचं कसं या एकाच विचारानं हा माणूस झपाटला होता आणि १९५१ साली त्यांनी ही रेडिओसर्जरीची कल्पना मांडली. आधी एक्स-रे वापरून बघितले, मग बोर्ये लार्सन या शास्त्रज्ञाबरोबर उप्सालाला प्रोटॉनचे प्रयोग केले, आणि १९६८ मध्ये गॅमा नाइफ हे मशीन पेशंटसाठी सुरू झालं. त्यात कोबाल्टचे १७९ छोटे स्रोत गोलाकार बसवलेले, सगळ्यांचे किरण एका बिंदूत येणारे. आपल्याकडे मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलमध्ये गॅमा नाइफ १९९७ ला आलं, म्हणजे महाराष्ट्राला पण हे काही नवीन नाही.

गॅमा नाइफचा त्रास एकच, डोक्याला धातूची फ्रेम घट्ट बसवायला लागायची, भूल देऊन त्या जागेपुरती, आणि चार स्क्रूनी थेट कवटीवर. डोकं तसूभर हललं तरी चालणार नाही म्हणून. (आताच्या नव्या मॉडेलमध्ये मास्कवरही करता येतं.) आणि फ्रेम डोक्यालाच लावता येते, मणक्याला, फुप्फुसाला, लिव्हरला कशी लावणार? तर जॉन अॅडलर नावाचे अमेरिकन न्यूरोसर्जन ऐंशीच्या दशकात लेक्सेल यांच्याकडे शिकायला गेले होते, ते परत जाऊन स्टॅनफर्डला लागले आणि त्यांच्या डोक्यात हेच बसलं की फ्रेम काढून टाकायची. पेशंटला जखडून ठेवण्याऐवजी मशीननंच सतत बघत राहायचं आणि पेशंट हलला की आपण हलायचं. १९९० साली त्यांनी कंपनी काढली, १९९४ मध्ये स्टॅनफर्डला पहिल्या पेशंटवर उपचार झाले, १९९९ मध्ये अमेरिकेत डोक्याच्या गाठींसाठी परवानगी मिळाली आणि २००१ मध्ये शरीरात कुठल्याही भागातल्या गाठींसाठी. हेच सायबरनाइफ. कल्पना सुचल्यापासून पूर्ण परवानगी मिळेपर्यंत पंधराएक वर्षं गेली, मध्ये पैशाची वानवा, लोक वेड्यात काढायचे, पण माणूस हटला नाही. मला अशा लोकांबद्दल फार आदर वाटतो खरंच.

यातला रोबोट म्हणजे काय तर गाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा जो अवाढव्य हात असतो ना, चाकणला कुणी कामाला असेल तर त्यानं रोज बघितला असेल, तोच. जर्मनीच्या कुका कंपनीचा इंडस्ट्रियल हात, आणि त्याच्या टोकाला वेल्डिंग गनऐवजी छोटा लिनियर अॅक्सलरेटर बसवलेला, एक्स-रे तयार करणारा. दा विंची वगैरे जी रोबोटिक सर्जरी ऐकतो, ज्यात पोटाला छिद्रं पाडून आत हत्यारं घालतात, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. इथे शरीरात काहीच जात नाही. हा हात पेशंटभोवती फिरत शंभर-दीडशे, कधी त्याहून जास्त वेगवेगळ्या दिशांनी एक एक बारीक किरण सोडतो.

एकच किरण असेल तर तो वाटेतल्या चांगल्या भागाला पण भाजेल आणि गाठीलाही पुरेसा पडणार नाही. म्हणून प्रत्येक किरण मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. पुण्यातल्या माणसाला मी असं सांगते, विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडनं गर्दी येते, केळकर रोडनं येते, कुमठेकर रोडनं येते, टिळक रोडनं येते, प्रत्येक रस्त्यावरून माणूस कसाबसा का होईना चालू शकतो, पण सगळे रस्ते अलका चौकात मिळतात आणि तिथे पाय ठेवायला जागा नसते. गाठ म्हणजे तो चौक. आणि चौकापासून जरा लांब गेलं की गर्दी झपकन कमी होते तसा डोस गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटरमध्ये झपकन उतरतो, ते झपकन उतरणंच सगळ्यात महत्त्वाचं, कारण कडेला चेहऱ्याची नस बसलीय.

आता मशीन सतत बघतं ते कसं? खोलीच्या छताला दोन एक्स-रे ट्यूब असतात आणि खाली जमिनीत दोन डिटेक्टर. ट्रीटमेंट चालू असताना थोड्या थोड्या वेळानं दोन्हीकडून फोटो काढले जातात, कॉम्प्युटर ते फोटो आधीच्या सीटी स्कॅनवरून तयार केलेल्या फोटोंशी जुळवून बघतो, कवटी किती सरकली, किती फिरली, सहाही दिशांचा हिशोब, आणि रोबोट तेवढा स्वतःला सरकवून घेतो. चूक एक मिलिमीटरच्या आत राहते. फुप्फुसातल्या गाठीची तर अजून कमाल, ती श्वासाबरोबर वरखाली होत असते. तिथे पेशंटच्या छातीवर दिवे असलेला पट्टा बांधतात, कॅमेरा श्वासाची लय बघतो, एक्स-रे गाठ कुठे आहे ते बघतात, दोन्हींची सांगड घालून रोबोटचा हात पेशंटच्या श्वासाबरोबर स्वतः हलत राहतो. श्वास रोखून धरायला सांगत नाहीत. लिव्हर किंवा प्रोस्टेट असेल तर हाडांवरून त्यांची जागा नेमकी कळत नाही म्हणून आधी सोन्याचे तांदळाएवढे मार्कर सुईनं आत ठेवतात, त्यांच्यावरून जागा कळते. म्हणजे अगदी काहीच आत जात नाही असं प्रत्येक पेशंटला सांगता येत नाही, ती सुई असते.

पण माझं ठाम मत आहे की या सगळ्यात खरं काम रोबोट करतच नाही. खरं काम आधीच्या आठवड्यात होतं आणि ते कुणाला दिसत नाही. आत्याचा मास्क बनवला, प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर पसरतात, काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकाराची होऊन कडक होते. तो मास्क घालून पातळ काप घेतलेला सीटी स्कॅन, त्यावर एमआरआय बसवून दोन्ही एकत्र. मग रेडिएशनच्या डॉक्टर आणि न्यूरोसर्जन दोघांनी बसून कापागणिक गाठीची कड आखली. नुसती गाठ नाही, ब्रेनस्टेम आखला, चेहऱ्याच्या नसेची वाट आखली, कानातला तो शंख, कॉक्लिया, तोही आखला, कारण तिथे डोस जेवढा कमी जाईल तेवढं उरलेलं ऐकणं टिकायची शक्यता जास्त. मग मेडिकल फिजिसिस्ट बसला, कुठल्या दिशेनं किती किरण, कुठून एकही नको, हा हिशोब कॉम्प्युटरवर कितीतरी वेळा फिरवून बघितला, आणि आत्याला झोपवायच्या आधी तोच प्लॅन एका डमीवर चालवून मोजून घेतला. हा मुलगा मुंबईला बीएआरसीमध्ये रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केलेला, देशभरातले कितीतरी फिजिसिस्ट तिथूनच शिकून येतात. पेशंटला डॉक्टरांचं नाव माहीत असतं, मशीनचं नाव माहीत असतं, याचं नाव कुणी विचारत नाही. हॉस्पिटल निवडताना मशीन कुठलं यापेक्षा इथे अशा केसेस नियमित होतात का, प्लॅन कोण बनवतं, न्यूरोसर्जन आणि रेडिएशनवाले एकत्र बसून ठरवतात का, हे विचारा. डोक्यातल्या छोट्या गाठीसाठी गॅमा नाइफ, सायबरनाइफ आणि चांगल्या टीमच्या हातातलं साधं लिनॅक (लिनियर अॅक्सलरेटर) मशीन, तिन्हींनी उत्तम काम होतं. सायबरनाइफचं खरं जास्तीचं बळ आहे ते मणका आणि हलणाऱ्या अवयवांमध्ये.

डोसबद्दल थोडं. नेहमीचं रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक देणं म्हणतात, त्यात रोज साधारण २ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) असं करत पाच-सहा आठवडे देतात, कारण मोठा भाग घेतलेला असतो आणि चांगल्या पेशींना रात्रीतून सावरायला वेळ द्यायचा असतो. इथे आखलेला भाग इतका छोटा आणि नेमका असतो की डोस एकदम मोठा देता येतो. आत्यासारख्या गाठीला गॅमा नाइफवर एकाच वेळी साधारण १२ ते १३ ग्रे देतात, सायबरनाइफवर बऱ्याच ठिकाणी तीन किंवा पाच सिटिंगमध्ये वाटून. आत्याला पाच सिटिंग, एकूण २५ ग्रे.

सिटिंगच्या दिवशी आम्ही घाबरलेलो, ती नाही. केस काढायचे नाहीत, भूल नाही, उपाशी राहायचं नाही. जाडजूड काँक्रीटच्या भिंतींची खोली, आत ती एकटीच, बाहेर कॅमेऱ्यावर टेक्निशियन बघतोय आणि माइकवर बोलतोय. मास्क लावला, टेबलावर क्लिपांनी बसवला, आणि तो भला मोठा हात तिच्याभोवती फिरायला लागला, थांबतो, घुर्रर्र होतं, परत सरकतो. दुखलं काहीच नाही. नाकावर मास्क जरा दाबत होता तेवढंच. बाहेर आल्यावर सांगते कशी, "अगं मी एकोणतीसचा पाढा म्हणत होते, मग तेवीसचा, मग मुलांना चुकायचा तो सतराचा." पाऊण तासानं बाहेर, कँटीनमध्ये चहा घेतला आणि घरी. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी मात्र आधीच सांगून ठेवा, मास्कचा त्यांना त्रास होतो, एखादी सौम्य गोळी देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नंतर थोडे दिवस थकवा होता, डोकं जड. काही दिवस स्टिरॉइड दिलं होतं. खरा कस लागतो तो पुढे. किरणांनी पेशींचा डीएनए तुटतो पण पेशी त्या क्षणी मरत नाहीत, पुढे विभागायला जातात तेव्हा मरतात, आणि या गाठीच्या पेशी मुळातच संथ, म्हणून परिणाम दिसायला महिने लागतात, वर्ष लागतं. त्यात पहिल्या सहा महिने ते दीड वर्षात गाठ थोडी सुजते. आत्याच्या पहिल्या फॉलोअपला तेच झालं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये आधीपेक्षा मोठी असं छापून आलेलं, घरात स्मशानशांतता. पण डॉक्टरांनी ट्रीटमेंटच्या आधीच, कागदावर चित्र काढून सांगून ठेवलं होतं की पहिल्या वर्षी मोठी दिसेल, घाबरू नका, त्यावरून ऑपरेशनला पळू नका. त्यांनी फिल्म लावून गाठीचा मधला भाग दाखवला, आधी कॉन्ट्रास्टमुळे पूर्ण पांढरी दिसायची, आता मध्ये काळपट पडली होती, म्हणजे आतला रक्तपुरवठा बंद पडतोय. पुढच्या एमआरआयला सूज उतरली. त्यानंतर एक मिलिमीटरनं कमी, आणि आता तशीच.

म्हणून ती आहे तिथेच आहे. आतून निर्जीव होत गेलेली, वाढणं थांबलेली. अशा गाठींमध्ये दहातल्या नऊपेक्षा जास्त पेशंटना हा ताबा मिळतो, आणि डॉक्टर यालाच यश म्हणतात, गाठ नाहीशी होणं हे ध्येय कधी नव्हतंच. चेहऱ्याची नस अबाधित आहे, आत्या पहिल्यासारखी मोकळी हसते. ऐकणं परत आलं नाही, कानातली कुईं पण आहे, आणि उरलेलं ऐकणं पुढच्या वर्षांत हळूहळू अजून कमी होऊ शकतं हेही तिला माहितीये. सांगितलेलं होतं सगळं.

जाहिरातींचा मला राग येतो तो याच कारणानं. चिरा नाही, वेदना नाही, अॅडमिट नाही, चोवीस तासांत कामावर, हे सगळं खरं आहे पण अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे वर्षानुवर्षं एमआरआय, सुजेची भीती, आणि काही लोकांना हा उपाय चालतच नाही. गाठ तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली आणि ब्रेनस्टेमला दाबत असेल तर ऑपरेशनच, कारण दाब आज काढायचाय आणि रेडिएशनला महिने लागतात. मणक्यातल्या गाठीनं पाय लुळे पडायला लागलेत, तिथेही बहुतेक वेळा आधी सर्जन. गाठ नक्की कशाची हेच कळलेलं नसेल तर आधी तुकडा काढून तपासावा लागतो, कारण रेडिओसर्जरीत तपासायला हातात काहीच येत नाही. डोळ्याच्या नसेला अगदी चिकटलेली गाठ असेल तर एका दमात मोठा डोस देताच येत नाही, ती नस फार नाजूक. आणि कधीकधी आजूबाजूचा मेंदूचा चांगला भाग मरतो, रेडिओनेक्रोसिस, विशेषतः कॅन्सर मेंदूत पसरलेल्या केसेसमध्ये, तेव्हा परत औषधं, क्वचित ऑपरेशन. ऑपरेशनच्या रस्त्यानं जाणाऱ्यांना कमनशिबी समजू नका एवढंच सांगायचंय. माझ्या मैत्रिणीच्या भावाला तेच योग्य होतं आणि तो छान आहे.

कॅन्सरच्या बाजूला याचा उपयोग वेगळा आहे. दुसरीकडचा कॅन्सर मेंदूत दोन-तीन ठिकाणी आला तर पूर्वी अख्ख्या डोक्याला शेक द्यायचे, त्यानं स्मरणशक्तीवर परिणाम व्हायचा, आता मोजक्या जागा असतील तर फक्त तेवढ्याच जागांवर नेम धरतात आणि माणूस आपल्या माणसांना ओळखत राहतो. फुप्फुसाचा सुरुवातीचा कॅन्सर असलेली, हृदय कमजोर म्हणून ऑपरेशन न झेपणारी म्हातारी माणसं, त्यांना हा मोठा आधार आहे. प्रोस्टेटबद्दल पेस-बी नावाचा मोठा अभ्यास ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडातल्या ८७४ पुरुषांवर झाला, निकाल २०२४ मध्ये आले. एका गटाला पाच सिटिंग, दुसऱ्याला नेहमीचं चार ते आठ आठवड्यांचं रेडिएशन. पाच वर्षांनी आजार ताब्यात असलेले ९५.८ टक्के आणि ९४.६ टक्के. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून येणाऱ्या माणसासाठी आठ आठवडे शहरात खोली घेऊन राहणं आणि पाच वेळा येऊन जाणं यात केवढा फरक आहे सांगा. परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकून राहिलेली कुटुंबं ज्यांनी बघितलीत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. मला तर वाटतं ही टेक्नॉलॉजी श्रीमंतांच्या सोयीपेक्षा लांबून येणाऱ्या गरिबांसाठी जास्त गरजेची आहे, आणि आज नेमकं उलटं चाललंय, खर्च लाखांत जातो.

म्हणून पैशाचं सांगते, नीट वाचा. मेडिक्लेम असेल तर विमा नियामक आयआरडीएआयनं २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली त्यात स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी (याच उपचाराचं डॉक्टरी नाव) नावानिशी आहे. त्यामुळे अॅडमिट नाही, चोवीस तास राहिला नाहीत, म्हणून क्लेम मिळणार नाही असं कुणी तोंडी सांगितलं तर लगेच मान खाली घालून परत येऊ नका, पॉलिसीतलं ते पान काढून दाखवा आणि लेखी उत्तर मागा. फक्त बऱ्याच पॉलिसींमध्ये या यादीतल्या उपचारांना विम्याच्या रकमेच्या अमुक टक्केच अशी मर्यादा असते, ती आधी बघून घ्या, आणि सिटिंग सुरू व्हायच्या आधी मंजुरी हातात असू द्या. विमा नसेल तर महात्मा फुले योजना लागू असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आजाराचं आणि उपचाराचं नाव लिहून देऊन काय बसतं ते विचारा. आणि आपल्या राज्यात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार. मोठी चकचकीत बिल्डिंग दिसली तरी ती ट्रस्टची असू शकते, रिसेप्शनवर न थांबता सोशल वर्करला गाठा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टच्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो कुणाला पाठवू नका, त्यावरून कुठलाच डॉक्टर काही सांगू शकत नाही. एमआरआयची मूळ सीडी लागते, पहिली, मधली, सगळ्या, तारखा लिहून, आणि सोबत ऑडिओमेट्रीचे सगळे कागद. शक्यतो दर वेळी एकाच सेंटरला एमआरआय करा, म्हणजे एका मिलिमीटरचा फरक गाठीचा आहे की मशीनचा यावर घरात रात्रभर चर्चा होणार नाही. आत्यानं सगळं शाळेच्या हजेरीपटाच्या जाड वहीत चिकटवून ठेवलंय, वर्षावार, आणि डॉक्टरांना ती वही फार आवडते.